शेजारचा रकाना

त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणी वापरत नसे. विभागात तो 'लेखनिक' होता, आणि हे नाव त्याला पहिल्याच वर्षी चिकटलं होतं. भौतिकीच्या त्या विभागात प्रॅक्टिकल जोडीनेच करायची रीत. एकाने यंत्राला डोळा लावायचा आणि दिसलेला आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तो आकडा जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मगच कागदावर उतरवायचा. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, असा दंडकच होता. तो कुठल्या जुन्या सरांनी घालून दिला देव जाणे, पण नव्या पोरांच्या तो असा अंगवळणी पडायचा, की कँटीनमध्ये एकाने "दोन चहा" म्हटलं की शेजारचा आपसूक "दोन चहा" म्हणून मोकळा व्हायचा. बाहेरच्या माणसाला वाटावं, ही सगळी पोरं थोडी कानाने अधू आहेत.

या जोडीत लेखनिक कायम दुसरा. त्याच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि शाळेत असल्यापासून पुस्तकांच्या पाठींवर नावं घालायचं काम त्याच्याकडे असे. बोटभर जागेत आख्खं नाव बसवायचं, आणि तेही वाचता येईल असं. त्यामुळे अक्षर मोत्यासारखं. पहिल्या वर्षी जोड्या लागल्या तेव्हा ज्याची त्याची ओळख निघाली, ज्याचा त्याला सोबती मिळाला आणि भिंतीशी दोघे उरले. एक हा, आणि दुसरा दारातून वाकून आत येणारा, ताडमाड वाढलेला, ज्याला पुढे सगळे 'उंच्या' म्हणू लागले. उंच्याने याच्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बाप रे, काय अक्षर आहे! तू लिही, मी वाचतो." झाली वाटणी. ती दोन वर्षं बदलली नाही.

उंच्याचे डोळे तीक्ष्ण आणि तोंड त्याहून. व्हर्निअरची पट्टी, जिच्यावरच्या बारीक रेघा जुळवताना बाकीच्यांचे डोळे पाणावायचे, ती तो येताजाता वाचायचा. बोलायचा तर दोघांच्याही वाटचं. "आम्हाला हे कळलं नाही सर", "आम्ही डबा आणलाय", "आम्हाला भूक लागलीय". त्या 'आम्ही'त लेखनिक सुखाने राहत होता. वर्गातल्या कुणालाही लेखनिकाला काही विचारायचं असलं तर ते उंच्याला विचारत, आणि उत्तरही उंच्याच देई. बहुतेक वेळा बरोबर देई, हे विशेष.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडची गोष्ट. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावून दोघे बसले होते. उंच्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. लेखनिक लिहून लिहून कंटाळला होता. त्याने सहज पुढे वाकून यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावला. पिवळी रेषा एक, पिवळी रेषा दोन, असं त्याने आजवर कितीदा लिहिलं असेल. त्याच्या लेखी त्या तक्त्यातल्या दोन नोंदी होत्या. आता त्या समोर उभ्या होत्या, खऱ्याखुऱ्या, एकमेकींना अगदी खेटून, मधे अंधाराची केसाएवढी फट. तो श्वास घ्यायचं विसरला. बाहेर उंच्याची पावलं वाजली तसा तो चोरासारखा मागे सरकला आणि पेन हातात धरून बसला. काही बोलला नाही. का बोलला नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण आपण दोन वर्षं दुसऱ्याच्या डोळ्यांनी भौतिकी शिकलो, ही टोचणी तेव्हापासून लागली ती लागलीच.

त्यानंतर सुट्टी लागली आणि सुट्टीत उंच्याचा निरोप आला. 'मी परत येत नाही रे. इकडे कम्प्युटरच्या कोर्सला जागा मिळालीय. तू लिहीत राहा.' शेवटी एक हसरा चेहरा. लेखनिकाने उत्तरात 'छान झालं' असं लिहिलं, आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

ही बातमी त्याने कोणालाही सांगितली नाही. मुद्दाम लपवली असंही नाही. कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन चारचौघांत जाऊन "ऐका हो ऐका" करण्याचा त्याचा पिंड नव्हता. आईचा फोन आला की ती "जेवलास का"च्या पाठोपाठ "आणि तुझा तो मित्र काय म्हणतो?" असं विचारी. हा म्हणे, "मजेत आहे." ते तर खरंच होतं. मित्र मजेतच होता.

तिसरं वर्ष सुरू झालं ते विषय निवडण्याच्या गोंधळाने. तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने आपापले विषय घ्यायचे असत. ज्याला पुढे नोकरी हवी तो इलेक्ट्रॉनिक्सकडे पळे, ज्याला परदेशाची स्वप्नं पडत तो क्वांटमकडे, आणि ज्याला काहीच ठरवता येत नसे तो पुढच्याने काय घेतलं ते बघून घेई. हा शेवटचा पंथ सगळ्यात मोठा. लेखनिकाला मात्र एकच हवं होतं, ऑप्टिक्सचं प्रॅक्टिकल. अंधारी खोली, यंत्र, आणि या खेपेला डोळा आपला.

ताईला त्याने फोनवर सांगितलं. ताई एका दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि दिवसभर लोकांना रांगेत उभं करून तिच्या आवाजालाही शिस्त आली होती. "कम्प्युटरचं काहीतरी घे," ती म्हणाली. "अंधारात बसून पिवळ्या रेघा बघून कोणाचं भलं झालंय? पोटापाण्याचं बघ जरा."

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात, त्याला जे जमतं ते घेऊ दे. त्यांचं नेहमीचंच."

आपल्याला काय जमतं हेच तर त्याला बघायचं होतं. आजवर त्याला फक्त लिहायला जमलं होतं, आणि ते दुकानातही जमत होतंच.

बाकीच्या विषयांना नाव द्यायचं ते ऑफिसात. ऑप्टिक्सची यादी तेवढी प्रयोगशाळेच्या दाराशी फळ्यावर टाचलेली असे, आणि एका ओळीत दोन रकाने, कारण तिथे जोडी लागे. लेखनिकाने पहिल्याच दिवशी एका ओळीत डावीकडे आपलं नाव लिहिलं. उजवा रकाना रिकामा राहिला. त्याने मनाशी हिशेब मांडला होता तो साधाच. वर्गात कोणी ना कोणी एकटं असेलच, ते येईल, नाव लावेल, आणि न बोलता काम होईल. न बोलता काम होणं यासारखं सुख त्याच्या दृष्टीने जगात दुसरं नव्हतं.

पोरं जोडीजोडीने येत होती, एकमेकांना ढकलत, एकाच पेनाने दोन नावं लिहून जात होती. लेखनिक जाता-येता यादीकडे बघे. थेट नाही. पाण्याच्या नळाशी जायचं, बाटली भरायची आणि परतताना तिरक्या नजरेने बघायचं. त्याच्या नावाखाली ओळी भरत गेल्या. त्याच्या शेजारचा रकाना पांढराच. त्या दिवसांत तो इतकं पाणी प्याला, की शिपायाने त्याला तब्येतीबद्दल विचारलं.

मग माणसाचं मन जे करतं ते त्याचंही करू लागलं. आपण फार गप्प असतो म्हणून असेल. आपल्याला वाचता येत नाही, नुसतं लिहिता येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून असेल. तो एका इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहत होता आणि त्याच्या कपड्यांना कायम वाफेचा, किंचित करपलेला वास येई. एके संध्याकाळी तो आपल्याच शर्टाची बाही हुंगत बसला असताना दुकानातले इस्त्रीवाले काका आत डोकावले. "काय रे, डाग पडलाय का?" त्यांनी विचारलं. "नाही, असंच," तो म्हणाला. काका गेले. आपण कोणालाच नको आहोत, हे त्याला त्या संध्याकाळी अगदी पक्कं कळलं, आणि एकदा पक्कं कळल्यावर रडूही आलं नाही. त्याने डबा उघडला आणि गार झालेलं जेवण जेवला.

शेवटच्या दिवशी सर यादी काढायला आले. हे सर अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं की आधी "दिवा बंद!" म्हणत, आणि मग नमस्कार-चमत्कार. म्हणून त्यांचं नाव दिवाबंद सर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली आणि हाक मारली, "लेखनिक! अरे, तुझा उंटासारखा जोडीदार कुठाय? अजून सुट्टी संपली नाही का त्याची?"

"तो नाहीये सर."

"नाहीये म्हणजे?"

"सोडून गेला. कम्प्युटरला."

"कधी?"

"सुट्टीतच."

सरांनी चष्मा खाली घेतला. "आणि हे तू आज सांगतोयस?"

मागे बाकावर वर्गातली एक मुलगी जर्नल पूर्ण करत बसली होती. तिला सगळे 'भिंगरी' म्हणत, कारण ती एका जागी आणि एका विषयावर कधी टिकत नसे. ती ताडकन उठली.

"काय सांगतोस? उंच्या येणारच नाहीये?"

लेखनिकाने मान हलवली.

"अरे, मग बोलायला काय झालं होतं तुला?" भिंगरीचा आवाज चढला. "माझी पार्टनर इलेक्ट्रॉनिक्सला गेली. मी रोज येऊन या यादीसमोर उभी राहत होते. सगळ्या ओळी भरलेल्या आणि एकच जागा मोकळी, तीही उंच्याची! सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखा उशिरा येतोय आणि तू त्याची जागा धरून बसलायस. डावीकडे नाव लावून उजवा रकाना सोडला की ती जागा राखलेली असते, हे तुला कोणी नव्याने सांगायला हवं का? शेवटी काल मी ऑफिसात स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या विषयाला नाव देऊन आले. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस पहिल्यांदा बघितला मी!"

लेखनिकाला ते ठाऊक होतं, हीच तर गंमत. पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला तो तापाने घरी पडला होता आणि यादी लागून गेली होती. घाबरत परत आला तर उंच्याने डावीकडे आपलं नाव लावून उजवा रकाना त्याच्यासाठी सोडलेला. आख्ख्या आठवड्यात त्याला कोणी हात लावला नव्हता. तेव्हा त्या रिकाम्या जागेने त्याला किती बरं वाटलं होतं! आता त्याने तशीच जागा सोडली होती, आणि सगळ्यांनी ती तितक्याच इमानाने पाळली होती. आपण नकोसे होतो म्हणून नव्हे. आपली मैत्री लोकांना पक्की वाटली म्हणून. हे कळल्यावर त्याला आधी हायसं वाटलं आणि मग असं वाईट वाटलं, की नळाशी जायचंही त्राण उरलं नाही.

सर ऑफिसात जाऊन भांडून आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तिचं काही होत नाही. तिचा विषय पक्का झाला, ऑफिस ऐकत नाही. तुझं मी करून घेतलंय, पण एकट्याने करावं लागेल. दोघांचं काम आहे, बघ. झेपत नसेल तर आत्ताच दुसरं काही घे."

"करतो सर," लेखनिक म्हणाला. त्याच्या मानाने हे पुष्कळच बोलणं झालं.

ऑप्टिक्सची खोली काळ्या पडद्यांनी कप्पे पाडलेली होती. कप्प्यात एक टेबल, एक यंत्र, एक दिवा. खुर्च्या दोन. लेखनिकाने दुसरी खुर्ची आधी बाहेर नेऊन ठेवली आणि मग तिथे वही ठेवायला हवी म्हणून परत आत आणली. पहिल्या दिवशी त्याला रेषाच सापडेना. कधी नुसता पिवळा ढग, कधी काहीच नाही. उजेड आत घेणारी फट बारीक करायची, भिंग मागेपुढे करायचं, हे सगळं त्याने कागदावर शंभरदा लिहिलं होतं, हातांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पोहण्याचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या माणसाला विहिरीत ढकलावं तसं झालं.

पण रेषा सापडल्या. आधी एक जाडसर, मग फट आवळत गेला तशी ती हळूच फाटली आणि दोन झाल्या. त्याच त्या. त्याला एवढा आनंद झाला, की तो शेजारच्या खुर्चीकडे वळला. खुर्चीवर वही होती.

मग त्याने व्हर्निअर वाचला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जुळला, आणि सवयीने तो आकडा मोठ्याने बोलला. आता कोणीतरी तो परत म्हणायला हवा होता. तो थांबला. आणि पडद्यापलीकडून खणखणीत आवाजात तो आकडा परत आला!

लेखनिकाच्या अंगावर काटा आला. पण लगेच पलीकडे कुजबुज झाली. "अगं, हे काय लिहिलंस? मी कुठे बोलले?" "मग कोण बोललं?" "पलीकडचा!" हसू फुटलं, खोडरबर घासल्याचा आवाज झाला, आणि मग पडदा जरासा हलला. "लेखनिक, जरा मनातल्या मनात वाच ना. तुझं आमच्यात येतंय."

"हो. सॉरी," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो मनात वाचू लागला. मनात वाचायचं, मनातच परत म्हणायचं, आणि लिहायचं. बाकीचे जोडीने जेवायला निघून जात तेव्हा याचं अर्धं काम बाकी असे. दिवसच्या दिवस त्याच्या तोंडातून हजेरीखेरीज शब्द बाहेर पडत नसे. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तो घसा खाकरून पाही, आवाज जागेवर आहे ना. रीडिंग मात्र सुधारत होतं. दिवाबंद सर एकदा त्याचा तक्ता बघून नुसतं "हं" म्हणाले, आणि सरांचं "हं" म्हणजे इतरांचं भाषण. ही गोष्ट सांगावी असं माणूस त्याच्याकडे नव्हतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. जेवलास का, जेवलो. "आणि तुझा मित्र काय म्हणतो?"

"आई, तो इथे नाहीये." त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे सहज निघालं. "कधीच गेला. सुट्टीतच."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. "मग तू डबा कोणाबरोबर खातोस?"

"एकटाच."

आई मग म्हणाली, "एवढे दिवस मी त्याची खुशाली विचारत होते, आणि तुझी राहूनच गेली. सांगायचंस की रे राजा. न सांगता कळायला मी काय देव आहे?"

त्याला तेव्हा रडू आलं. इस्त्रीवाल्या काकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने तोंड उशीत घातलं, आणि आईला ऐकू जावं म्हणून फोन जवळ ठेवला.

पुढच्या सत्राची यादी त्याच फळ्यावर लागली. लेझरचं प्रॅक्टिकल, एका ओळीत दोन रकाने. लेखनिक मधल्या सुट्टीत गेला, म्हणजे भर गर्दीत. डावीकडे आपलं नाव लिहिलं. मग पुस्तकाच्या पाठीवर लिहायचा तशा सुबक, ठसठशीत अक्षरात उजव्या रकान्यात लिहिलं, 'जागा रिकामी आहे.' एकही अक्षर बिघडलं नाही. आणि लिहून झाल्यावर त्याने ते वाचलं. मनात नव्हे. मोठ्याने.

"जागा रिकामी आहे."

दोन-चार माना वळल्या. कोणीतरी हसलं. त्याचे कान तापले, पण या खेपेला तो नळाकडे गेला नाही, तिथेच उभा राहिला.

"जागा रिकामी आहे," मागून आवाज आला.

भिंगरी होती. तिने पुढे होऊन त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्या सुबक अक्षरांवर एक तिरपी रेघ मारली आणि वर कोंबड्याचे पाय उमटावेत तसं आपलं नाव खरडलं.

"आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली, "मला तो व्हर्निअर मेला जन्मात वाचता येत नाही."

"तू लिही," लेखनिक म्हणाला. "मी वाचतो."